एक्स-रे खोलीबाहेर मीटर काय दाखवतो आणि डोस किती मिळतो

एक्स-रे खोलीच्या भिंतीबाहेर सर्व्हे मीटर (किरण मोजायचं हातातलं यंत्र) धरला, आत एक्स्पोजर दिलं आणि पडद्यावर ताशी ३.६ मायक्रोसिव्हर्ट (माणसाला मिळणाऱ्या डोसचं एकक) आलं. या आकड्याचं पुढे काय करायचं? बरेच जण त्याला आठवड्याच्या ४० तासांनी गुणतात, १४४ मायक्रोसिव्हर्ट काढतात आणि भिंतीत आणखी शिसं घालायला सांगतात. काही जण एक्स्पोजर क्षणभराचंच असतं म्हणून आकडा सोडून देतात. दोन्ही निष्कर्षांना आधार नाही. ते एक्स्पोजर किती केव्हीला (नळीचा व्होल्टेज), किती एमएवर (नळीतला प्रवाह) आणि किती वेळाचं होतं, झोतात काय ठेवलं होतं आणि हे यंत्र आठवड्याला एकूण किती एमएएस (एमए गुणिले सेकंद) चालतं, एवढं कळल्याशिवाय त्या ३.६ला अर्थच नाही.

समजा चाचणी ५० एमएवर घेतली. यंत्रावर दिवसाला ६० एक्स्पोजर होतात, सरासरी २० एमएएसची, आठवड्यातून ६ दिवस. म्हणजे आठवड्याला ७,२०० एमएएस. ५० एमएवर एवढे एमएएस काढायला १४४ सेकंद लागतात. अख्ख्या आठवड्यात नळीतून किरण बाहेर पडतात ते एवढाच वेळ. ताशी ३.६ म्हणजे सेकंदाला ०.००१ मायक्रोसिव्हर्ट, १४४ सेकंदांचे ०.१४४. वर काढलेल्या १४४च्या हा हजारावा भाग आहे. सूत्र एका ओळीत मावतं:

आठवड्याचा डोस = (मीटरचं ताशी रीडिंग × आठवड्याचे एमए-मिनिट) ÷ (६० × चाचणीचा एमए)

७,२०० एमएएस म्हणजे १२० एमए-मिनिट. आकडे घालून पाहा, उत्तर तेच येईल. वर्कलोडचा, म्हणजे आठवड्याच्या एकूण वापराचा, आकडा मात्र अंदाजाने घेऊ नये. रजिस्टरमधून किंवा यंत्राच्या नोंदींतून महिनाभराची एक्स्पोजर काढावीत. छातीच्या फिल्मला ५ एमएएसही पुरतात आणि कंबरेच्या लॅटरलला (बाजूने घेतलेल्या फिल्मला) त्याच्या कितीतरी पट लागतात, त्यामुळे रोजची पेशंटसंख्या गुणिले एखादा ठोकळ आकडा असं केलं की हिशोब दोन्ही बाजूंना चुकू शकतो.

मुळात ते ३.६ तरी खरं होतं का?

आयन चेंबर मीटरला (किरणांमुळे वायूत तयार होणारा विद्युतभार मोजणाऱ्या मीटरला) स्थिर रीडिंगपर्यंत पोचायला वेळ लागतो. त्याचा टाइम कॉन्स्टंट (प्रतिसादाच्या संथपणाचं माप) २ सेकंद असेल, तर १ सेकंदाच्या एक्स्पोजरमध्ये तो खऱ्या दराच्या ३९ टक्केच दाखवतो आणि ०.१ सेकंदात जेमतेम ५ टक्के. ९५ टक्क्यांपर्यंत चढायला तीन टाइम कॉन्स्टंट, म्हणजे ६ सेकंद हवेत. त्यातही कमी रेंजवर मीटर आणखी संथ होतो, आणि भिंतीबाहेर आपण नेमके त्याच रेंजवर असतो. म्हणून रेट मोडमध्ये, म्हणजे मीटर ताशी दर दाखवत असताना, रोजच्या एक्स्पोजरवर घेतलेलं रीडिंग जवळजवळ नेहमीच खऱ्यापेक्षा कमी येतं. खोली सुरक्षित असल्याचे कितीतरी दाखले अशा रीडिंगवर उभे असतात, आणि याची मला खरोखर काळजी वाटते.

यावर उपाय म्हणजे इंटिग्रेट मोड. मीटर साचणारा डोस दाखवतो, दर नाही. एक्स्पोजर कितीही छोटं असो, आलेला सगळा डोस मोजला जातो. १०० एमएएसच्या एका शॉटमध्ये आकडा हललाच नाही तर पाच शॉट द्यावेत. समजा ५०० एमएएसला ०.०५ मायक्रोसिव्हर्ट साचले, तर ७,२०० एमएएसला ०.७२. पण पाच शॉटमध्ये पाच मिनिटं जातात आणि बॅकग्राउंड (आसपास नेहमीच असणारे नैसर्गिक किरण) तेवढा वेळ साचतच राहतं. ताशी ०.१ मायक्रोसिव्हर्ट बॅकग्राउंड असेल तर पाच मिनिटांत ०.००८ येतात. म्हणून आधी यंत्र बंद ठेवून तेवढ्याच वेळाचं रीडिंग घ्यावं आणि ते वजा करावं.

गायगर काउंटर इथे नको. कारण साध्या हिशोबातून दिसतं. ८० केव्हीला १ मीटरवर प्राथमिक (नळीतून थेट येणाऱ्या) झोताचं आउटपुट प्रत्येक एमएएसला ५० मायक्रोग्रेच्या (ग्रे म्हणजे शोषलेल्या डोसचं एकक) आसपास धरू. ४०० एमएवर ते सेकंदाला २० मिलिग्रे होतं. पेशंटपासून १ मीटरवर बाजूला येणारा स्कॅटर (विखुरलेले किरण) प्राथमिक झोताच्या साधारण एक हजारांश असतो, म्हणजे सेकंदाला २० मायक्रोग्रे. एक्स्पोजर ०.१ सेकंदाचं असल्याने एकूण डोस २ मायक्रोग्रेच, पण त्या क्षणी चालू असलेला दर ताशी ७२ मिलिग्रे आहे. एका कणाची नोंद केल्यावर गायगर नळी काही काळ आंधळी असते. एवढ्या दराला ती बहुतेक कण सोडून देते आणि काही जुने मीटर तर गुदमरून शून्याजवळ येतात. जिथे डोस सर्वांत जास्त तिथेच मीटर सर्वांत कमी दाखवतो, यापेक्षा वाईट दोष कोणता? शिवाय ऊर्जेची भरपाई करणारं आवरण नसलेली गायगर नळी ६० केईव्हीच्या (किरणांच्या ऊर्जेचं एकक) आसपास कितीतरी पट जास्त मोजते. खिशात लावायचे काही इलेक्ट्रॉनिक डोसिमीटरही छोट्या पल्सला असेच फसतात. त्यांच्या माहितीपत्रकात पल्स्ड फील्डबद्दल (क्षणभराच्या किरणांबद्दल) काही लिहिलेलं नसेल, तर ते एक्स-रे खोलीसाठी नाहीत असंच समजावं.

आयन चेंबर दोन प्रकारचे येतात. हवेला उघडा असेल तर तापमान आणि दाबाची दुरुस्ती करावी लागते: (२७३ + तापमान) भागिले २९३, गुणिले १०१.३ भागिले किलोपास्कलमधला दाब. दाबाखालचा वायू भरलेल्या बंद चेंबरला ही दुरुस्ती लागत नाही आणि त्याची संवेदनशीलताही जास्त असते. भिंतीबाहेरच्या मापांसाठी तोच बरा. झटपट प्रतिसाद देणारा प्लास्टिक सिंटिलेटर (किरण पडले की चमकणारं प्लास्टिक वापरणारा मीटर) असेल तर उत्तमच.

युनिटकडेही लक्ष असू द्या. जुने मीटर मिलिरॉन्टजेन दाखवतात आणि १ मिलिरॉन्टजेन म्हणजे हवेतले सुमारे ८.८ मायक्रोग्रे. नवे मीटर बहुधा १० मिलिमीटर खोलीवरचा ॲम्बियंट डोस इक्विव्हॅलंट (शरीरातल्या डोसचा अंदाज देणारी राशी) सिव्हर्टमध्ये दाखवतात. ६० केईव्हीच्या आसपास हा आकडा एअर कर्माच्या (किरणांनी हवेला दिलेल्या ऊर्जेच्या मापाच्या) सुमारे १.७ पट असतो. त्यामुळे एकाच जागी दोन चांगले मीटर १०० आणि १७० दाखवू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. अहवालात कोणती राशी मोजली ते लिहिलं नसेल तर मागच्या वर्षाशी तुलना करताच येत नाही. कॅलिब्रेशन प्रमाणपत्रही नीट वाचा. ते बहुधा सीझियम-१३७च्या ६६२ केईव्हीवर केलेलं असतं आणि एक्स-रेचा स्कॅटर त्याच्या दहाव्या भागाएवढ्या ऊर्जेचा असतो. मीटरचा ऊर्जा-प्रतिसादाचा आलेख पाहून दुरुस्ती करावी लागते.

चाचणीची मांडणी

टेबलावर पेशंटच्या जागी पाण्याचा फॅन्टम (शरीराऐवजी वापरायचा ठोकळा) ठेवा, ३० × ३० सेंटिमीटरचा आणि २० सेंटिमीटर उंचीचा. प्लास्टिकच्या चौकोनी डब्यात पाणी भरलं तरी चालतं. फॅन्टम न ठेवता रिकाम्या टेबलावर शॉट मारून स्कॅटर मोजणं ही फार नेहमीची चूक आहे. अशा वेळी विखुरायला काही नसतंच आणि सगळीकडे छान शून्य येतं. फील्ड (झोत पडतो तो भाग) मोठं ठेवा, निदान फॅन्टमचा बराचसा भाग व्यापेल एवढं, कारण स्कॅटर फील्डच्या क्षेत्रफळासोबत वाढतो. केव्ही त्या खोलीत प्रत्यक्ष वापरतात त्यातला वरचा घ्या. शिशातून आरपार जाणं केव्हीवर फार अवलंबून असतं: ७० केव्हीला सुमारे ०.१७ मिलिमीटर शिसं झोत निम्मा करतं, १०० केव्हीला त्यासाठी सुमारे ०.२७ लागतं. ७० केव्हीला स्वच्छ दिसलेली भिंत १०० केव्हीला तशीच दिसेल याची खात्री नाही.

एमए कमी आणि वेळ जास्त, उदाहरणार्थ ५० एमए आणि २ सेकंद, ही मांडणी मीटरला सोयीची. नळीची उष्णता मात्र विसरू नका. १०० केव्हीला १०० एमएएस म्हणजे सुमारे १० किलोज्यूल. लहान नळीच्या ॲनोडची क्षमता शंभरेक किलोज्यूलच असते, म्हणून दोन शॉटमध्ये मिनिटभर तरी थांबा आणि रेटिंग चार्ट पाहूनच मालिका ठरवा.

छातीच्या स्टँडमागची भिंत हा वेगळा विषय. तिथे प्राथमिक झोत थेट भिंतीकडे जातो. त्यामुळे तिथे फॅन्टम काढायचा, स्टँडकडे नळी वळवायची, १२० केव्ही लावायचे आणि भिंतीपलीकडे मीटर धरायचा. पलीकडे कोणाची खुर्ची आहे ते आधी बघून या.

भिंतीबाहेर मीटर भिंतीपासून ३० सेंटिमीटरवर धरतात. वरच्या मजल्यावर जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंचीवर, आणि खालच्या मजल्यावर १.७ मीटरपेक्षा उंच नाही. पायऱ्या, शौचालय, खिडकीबाहेरचा रस्ता ही ठिकाणं नेहमी सुटतात.

गळती कुठे सापडते

भिंत स्वतः क्वचितच दोषी असते. विटांची जाड भिंत किंवा काँक्रीट आपलं काम करतं. १०० केव्हीला साधारण १.६ सेंटिमीटर काँक्रीट झोत निम्मा करतं, तर १५ सेंटिमीटरचं काय होत असेल ते काढून पाहा. दोष असतो जोडांवर. दाराच्या पॅनेलमध्ये शिसं आहे, पण चौकटीत नाही. दार आणि चौकट यांचं शिसं एकमेकांवर चढत नाही. दाराखाली दोन बोटांची फट आहे. कुलपाच्या जागी पत्रा कापलेला आहे. लेड ग्लास बरोबर जाडीची आहे, पण तिच्या कडेची लाकडी पट्टी मोकळी आहे. एसीचा पाइप सरळ भिंतीतून गेलाय, तिरका नाही. भिंतीच्या दोन्ही बाजूंना पाठीला पाठ लावून वीजजोडणीची खोकी बसवली आहेत आणि मध्ये काहीच उरलेलं नाही.

शिसं मऊ असतं. नुसत्या खिळ्यांवर टांगलेला पत्रा वर्षानुवर्षं स्वतःच्या वजनाने खाली सरकतो आणि वरच्या कडेला फट पडते. बसवताना केलेला सर्व्हे दहा वर्षांनी तसाच खरा मानता येत नाही, याचं हे एक मोठं कारण.

फटीतून येणारा झोत अरुंद असतो. मीटरचा चेंबर हातभर मोठा, त्यातला बोटभर भागच उजळतो, आणि मीटर संपूर्ण चेंबरची सरासरी दाखवतो. त्यामुळे मोठ्या चेंबरने फट मोजली की आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. संशयाच्या जोडावर सीआर कॅसेट (एक्स-रेची प्रतिमा घ्यायची प्लेट) चिकटवून आतून भरपूर एमएएसचे काही शॉट द्यावेत. फट असेल तर प्रतिमेत काळी रेघ उमटते, तिची लांबी-रुंदीही कळते आणि सुताराला दाखवायला पुरावा मिळतो. मीटरने हे इतकं स्पष्ट कधीच होत नाही.

कंट्रोल पॅनेलचा नियम सोपा आहे: किरण टेक्निशियनपर्यंत पोचायच्या आधी निदान दोनदा विखुरले पाहिजेत. पॅनेलमागे उभं राहून पेशंट काचेतूनच दिसला पाहिजे. काचेच्या बाजूने, आडोशाच्या कडेवरून पेशंटचा खांदा जरी सरळ दिसत असेल, तर एकदाच विखुरलेले किरणही त्याच वाटेने येतात. इथे मीटर पोट, छाती आणि डोळे अशा तीन उंचींवर धरा. मुलाला धरायला आलेल्या नातेवाइकाची जागाही मोजून ठेवावी, कारण त्याला ॲप्रन देताना किती उपयोग होतो हे आकड्यात सांगता येतं.

नळीच्या आवरणातून होणारं लीकेज वेगळं मोजायचं. कॉलिमेटर (झोताचा आकार ठरवणारी झडप) पूर्ण बंद करून त्यावर सुमारे ३ मिलिमीटर शिसं ठेवायचं, म्हणजे प्राथमिक झोत दहा वेळा निम्मा होऊन जवळजवळ संपतो. मग कमाल केव्हीवर फोकसपासून (नळीत किरण निघतात त्या बिंदूपासून) १ मीटरवर पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि वर रीडिंग घ्यायची. मर्यादा आहे १ मीटरवर एका तासात १ मिलिग्रे, १०० चौरस सेंटिमीटरवरची सरासरी. तो तास म्हणजे घड्याळाचा तास नाही. निर्मात्याने दिलेल्या ताशी कमाल एमए-मिनिटांचा तो तास. रीडिंग त्या भाराला लावूनच मर्यादेशी ताडायचं.

फ्लुरोस्कोपी, सीटी आणि मोबाइल यंत्र

सी-आर्मवर (ऑपरेशन थिएटरमधल्या सलग एक्स-रे दाखवणाऱ्या यंत्रावर) किरण सलग किंवा पल्समध्ये मिनिटभर चालू राहतात, त्यामुळे आयन चेंबरचा रेट मोड इथे चालतो. फॅन्टम ठेवा, ऑटो ब्राइटनेस (प्रतिमा उजळ राहावी म्हणून आउटपुट आपोआप बदलणारी सोय) चालू ठेवा आणि डॉक्टर, नर्स, भूलतज्ज्ञ प्रत्यक्ष जिथे उभे राहतात तिथे अर्धा, एक आणि दीड मीटर उंचीवर मोजा. किरण पेशंटच्या शरीरात जिथून शिरतात त्या बाजूला स्कॅटर सर्वांत जास्त. म्हणून नळी टेबलाखाली ठेवली की डोळ्यांना कमी आणि पायांना जास्त मिळतं. लॅटरल घेताना नळीच्या बाजूला नाही तर डिटेक्टरच्या बाजूला उभं राहणं हा फुकटचा आणि फार मोठा बचाव आहे, आणि दोन्ही बाजूंची रीडिंग शेजारी शेजारी लिहून दाखवली की ऑपरेशन थिएटरमधल्या लोकांना तो लगेच पटतो. झोतात शिशाचा हातमोजा किंवा मीटरच आला तर ऑटो ब्राइटनेस आउटपुट वाढवतं आणि सगळी रीडिंग बिघडतात.

सीटीचा स्कॅटर गॅन्ट्रीच्या (पेशंट आत जातो त्या गोल भागाच्या) पुढे आणि मागे फाकतो. गॅन्ट्रीच्या अगदी बाजूला तिच्याच सावलीमुळे तो कमी असतो. तो छताकडेही जातो, त्यामुळे २.१ मीटर उंचीपर्यंतच शिसं लावलेल्या जुन्या एक्स-रे खोलीत सीटी बसवला तर त्यावरचा भाग आणि वरचा मजला नक्की मोजा. वॉर्डातल्या मोबाइल यंत्राचं गणित सोपं: छातीच्या एका एक्स्पोजरला पेशंटपासून १ मीटरवर साधारण ०.१ मायक्रोग्रे, २ मीटरवर त्याचा चौथा भाग. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटला हलवायची गरज बहुधा पडत नाही. टेक्निशियनने मात्र केबलच्या पूर्ण लांबीएवढं मागे जावं आणि थेट झोताच्या दिशेत कोणी नाही हे पाहावं.

आकडा कशाशी ताडायचा

आंतरराष्ट्रीय आयोग आयसीआरपीच्या शिफारशीनुसार कर्मचाऱ्यासाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कोणत्याही एका वर्षात ५०पेक्षा जास्त नाही. सामान्य माणसासाठी वर्षाला १. डोळ्याच्या भिंगाची मर्यादा आधी वर्षाला १५० होती, ती २०११मध्ये २०वर आणली. हात आणि त्वचेसाठी ५००. गरोदरपण कळवल्यानंतर उरलेल्या काळात गर्भाला १. देशाचा कायदा याहून कडक असेल तर तोच पाळायचा. आठवड्याच्या हिशोबात सामान्य माणसाची मर्यादा २० मायक्रोसिव्हर्ट पडते.

यात ऑक्युपन्सी, म्हणजे त्या जागी माणूस किती वेळ असतो तो अंश, धरायची. कायम बसण्याच्या ऑफिसला १, कॉरिडॉरला एक पंचमांश, शौचालयाला एक विसांश, जिन्याला एक चाळिसांश, हे अमेरिकेच्या एनसीआरपीच्या १४७ क्रमांकाच्या अहवालातले आकडे सर्वत्र वापरले जातात. वरचे ०.१४४ किंवा ०.७२ मायक्रोसिव्हर्ट २०च्या शेजारी ठेवून पाहा. बहुतेक खोल्या अशाच निघतात, आणि भिंतीपलीकडे बसणाऱ्या माणसाला हे सूत्रासकट दाखवलं की त्याची भीती जाते. ‘काही होत नाही’ एवढ्या आश्वासनाने ती जात नाही.

दाट शंका असेल तर त्या जागी भिंतीवर टीएलडी (डोस साठवणारा छोटा बॅज) तीन महिने लावून ठेवावा. तो खरा वर्कलोड, खरे केव्ही, सगळं आपोआप साठवतो. सोबत त्याच इमारतीत यंत्रापासून दूर एक कंट्रोल टीएलडी हवाच.

बॅजबद्दल थोडं. ॲप्रन घातला तर बॅज त्याच्या आत, छातीवर. सी-आर्मवर काम असेल तर दुसरा कॉलरजवळ ॲप्रनच्या बाहेर, कारण डोळ्यांचा अंदाज त्यावरूनच येतो. दोन्ही असतील तर एनसीआरपीच्या सूत्राने परिणामी डोस म्हणजे आतल्याचा ०.५ पट अधिक बाहेरच्याचा ०.०२५ पट. बॅज उलटा लावला तर फिल्टर मागे जातात आणि हिशोब बिघडतो. कॅल्शियम सल्फेटचा टीएलडी ३० केईव्हीच्या आसपास दहापटीहून जास्त प्रतिसाद देतो, त्याची दुरुस्ती फिल्टरखालच्या रीडिंगवरूनच होते. बॅज ॲप्रनला लावून ॲप्रन खोलीतच टांगला, तर नोंद माणसाची नसून खुंटीची होते. कंट्रोल बॅज यंत्राजवळच्या कपाटात ठेवला तर तो प्रत्येकाच्या रीडिंगमधून जास्तीचं वजा करतो आणि सगळे शून्य येतात. वर्षभर सगळ्यांचेच शून्य आले तर आनंद मानण्याआधी हे कपाट तपासा.

अहवालात खोलीचा नकाशा, त्यावर क्रमांक घातलेल्या जागा, प्रत्येक जागेला केव्ही, एमए, सेकंद, फील्ड, फॅन्टम, नळीची दिशा, मीटरचा क्रमांक, कॅलिब्रेशनची तारीख, मोड, बॅकग्राउंड आणि वर्कलोड लावून काढलेला आठवड्याचा डोस एवढं असावं. नळी बदलली, टेबल सरकवलं, चेस्ट स्टँड दुसऱ्या भिंतीला लावला, भिंतीत नवीन वायरिंग केलं किंवा शेजारच्या गोदामाचं ऑफिस झालं की सर्व्हे पुन्हा करायचा. शेवटच्या बदलात यंत्राला कोणी हातही लावलेला नसतो, त्यामुळे तो विभागाला कळतच नाही. बांधकामाच्या कागदावर रेडिएशन सेफ्टी ऑफिसरची सही अनिवार्य करणं हा त्यावरचा एकच भरवशाचा मार्ग आहे.